गांजा, मेंदू आणि दाह : एका वैद्यकीय प्रश्नाची दिशा कशी बदलली (१८३९–२०२०)

प्रस्तावना

भांग, गांजा आणि चरस ही एकाच वनस्पतीची तीन रूपे होत. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे चिकट फुलोरे म्हणजे गांजा आणि त्यांच्यावर साचणारी राळ म्हणजे चरस. या वनस्पतीविषयी मराठीत जे लेखन आढळते ते बहुधा दोन टोकांना उभे असते. एका टोकाला व्यसनमुक्तीच्या पुस्तिका आहेत, तर दुसऱ्या टोकाला आपल्या पूर्वजांना सर्व काही आधीच ठाऊक होते असे सांगणारे अभिमानपर लेख आहेत. या दोहोंच्या मधला वैद्यकीय इतिहास मात्र फारसा लिहिला गेलेला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थान सरकारसमोर प्रश्न होता तो असा, की गांजामुळे मेंदूत विकृती निर्माण होते काय? विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगशाळांतून विचारला जाऊ लागलेला प्रश्न याच्या नेमका उलट होता. गांजातील कॅनाबिनॉइड नावाची संयुगे मेंदूतील दाह शमवू शकतील काय? शंभर वर्षांत प्रश्नाची दिशा अशी का बदलली आणि बदललेल्या प्रश्नाला कोणते उत्तर मिळाले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. हा बदल जुन्या वैद्यकीय अनुभवातून सरळ रेषेत घडून आलेला नाही. तो रसायनशास्त्र आणि रोगप्रतिकारशास्त्र यांच्या वाटेने, बऱ्याच अंशी अनपेक्षितपणे घडला. आणि प्रयोगशाळेत जे सिद्ध झाल्यासारखे वाटले ते रुग्णाच्या खाटेपाशी टिकले नाही, हा या इतिहासाचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे.

कलकत्त्यातील प्रयोग

आधुनिक वैद्यकात गांजाचा प्रवेश कलकत्त्यातून झाला. विल्यम ब्रुक ओशॉनेसी हा आयरिश डॉक्टर एडिंबरो येथे शिकलेला. १८३१-३२ च्या पटकीच्या साथीत त्याने रुग्णांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण करून रक्तातील पाणी व क्षार कमी होतात असे दाखवून दिले होते. सलाइनच्या उपचाराचा पाया या निरीक्षणात आहे. १८३३ मध्ये तो कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि १८३५ मध्ये स्थापन झालेल्या कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. पुढे याच गृहस्थाने हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे उभारले आणि त्याबद्दल १८५६ मध्ये त्याला 'सर' हा किताब मिळाला. त्यामुळे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत तो भेटतो तो तारखात्याच्या प्रकरणात.

१८३९ मध्ये ओशॉनेसीने कलकत्त्याच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीपुढे गांजाच्या औषधी उपयोगावर आपला निबंध वाचला. त्याची कार्यपद्धती आजही लक्षात घेण्याजोगी आहे. त्याने प्रथम संस्कृत, अरबी व फारसी ग्रंथांतील उल्लेख गोळा केले आणि त्यासाठी स्थानिक पंडितांची व हकिमांची मदत घेतली. त्यांत कलकत्ता मेडिकल कॉलेजातील पंडित मधुसूदन गुप्त हेही होते. बंगालमध्ये पाश्चात्त्य पद्धतीच्या शवविच्छेदनाची सुरुवात ज्यांच्या नावाशी जोडली जाते तेच हे मधुसूदन गुप्त. त्यानंतर ओशॉनेसीने कुत्री, मांजरे, शेळ्या, मासे व पक्षी यांच्यावर औषधाची चाचणी घेतली, आणि मगच ते रुग्णांना दिले. नैतिक समित्या आणि चाचण्यांचे टप्पे अस्तित्वात येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे हे ध्यानात घेतले, तर या क्रमाचे महत्त्व पटते.

रुग्णांमध्ये पहिले होते ते संधिवाताचे. तीन रुग्णांना राळेची अल्प मात्रा देण्यात आली. त्यांपैकी एक काही तासांनी मोठ्याने गाऊ लागला, जादा जेवण मागू लागला व आपण पूर्ण बरे झालो असे सांगू लागला. रात्री तो बेशुद्धवत पडला. त्याचे हातपाय ज्या स्थितीत ठेवावेत त्याच स्थितीत राहू लागले. तो सावरला, परंतु मात्रेचा प्रश्न किती अवघड आहे हे पहिल्याच दिवशी स्पष्ट झाले. पुढे धनुर्वाताच्या काही रुग्णांत आकड्यांचा जोर ओसरल्याची आणि चाळीस दिवसांच्या एका अर्भकाच्या आकड्या थांबल्याची नोंद त्याने केली. या अर्भकाच्या बाबतीत औषधाची सवय होऊन मात्रा कित्येक पटींनी वाढवावी लागली हेही त्याने लपवले नाही. आकडीवरील एक मौल्यवान औषध वैद्यकाच्या हाती आले आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

मेंदूच्या दाहाच्या संदर्भात त्याच्या निबंधातील वेगळाच एक रुग्ण अधिक महत्त्वाचा आहे. पिसाळलेले कुत्रे चावून जलसंत्रास झालेल्या या रुग्णाला ओशॉनेसीने गांजाची राळ दिली. रुग्ण वाचला नाही, परंतु त्याच्या अखेरच्या दिवसांतील भयंकर यातना पुष्कळ सौम्य झाल्या. रेबीज हा विषाणूमुळे होणारा मेंदूचा दाह आहे हे आज प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. १८३९ मध्ये विषाणू ही संकल्पनाच नव्हती. तेव्हा ओशॉनेसीने मेंदूच्या दाहावर गांजाचा उपचार केला असे म्हणणे म्हणजे आजचे ज्ञान मागे लोटणे होईल. त्याने लक्षणांवर उपचार केला. रोग आणि लक्षण यांतील हे अंतर पुढे पावणेदोनशे वर्षे या औषधाची पाठ सोडत नाही, म्हणून त्याची येथेच नोंद करणे इष्ट आहे.

त्याच निबंधात सतत गांजा घेणाऱ्यांना होणाऱ्या उन्मादाचीही चर्चा आहे. म्हणजे औषध आणि अपाय हे दोन्ही विषय एकाच लेखणीतून, एकाच वेळी उतरले होते. पुढील काळाने त्यांची फारकत केली.

लंडनमधील औषधविक्रेता पीटर स्क्वायर याने ओशॉनेसीने नेलेल्या मालापासून अर्क तयार केला आणि विलायती डॉक्टर तो लिहून देऊ लागले. जे. रसेल रेनॉल्ड्स या प्रतिष्ठित डॉक्टरांनी १८९० मध्ये आपल्या तीस वर्षांच्या अनुभवाचा वृत्तांत 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. (रेनॉल्ड्स राजघराण्याचे वैद्य असल्याने व्हिक्टोरिया राणी स्वतः गांजाचा अर्क घेत असे, अशी कथा आजही सर्रास छापली जाते. तिला पुरावा नाही.) तरीही शतक संपता संपता हे औषध मागे पडले. याची कारणे नैतिक नव्हती, व्यावहारिक होती. एका प्रांतातील गांजा दुसऱ्या प्रांतातील गांजापेक्षा कमीअधिक तीव्र असे, बोटीच्या प्रवासात त्याचा जोर उतरे, आणि राळ पाण्यात विरघळत नसल्याने नव्याने आलेल्या सुईतून ती टोचता येत नसे. मॉर्फिन टोचता येत होते आणि १८९९ पासून अॅस्पिरीनही बाजारात आले. ब्रिटिश औषधसंहितेतून गांजा १९३२ मध्ये वगळला गेला, अमेरिकन संहितेतून १९४२ मध्ये.

आयोग, वेड्यांची इस्पितळे आणि माकडाचा मेंदू

गांजाचे औषधी जीवन असे मंदावत असताना त्याच्या विरोधातील चळवळीने वेग घेतला. हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत वेडाच्या कारणांच्या रकान्यात गांजाचे नाव वारंवार येत असे. मार्च १८९३ मध्ये मद्यपानविरोधी चळवळीतील पार्लमेंट सभासद विल्यम केन यांनी हा विषय हाउस ऑफ कॉमन्समध्ये उपस्थित केला आणि त्याच वर्षी सरकारने 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष होते. सात सभासदांपैकी तीन भारतीय होते. मुंबई इलाख्यातून एच. टी. ओमॅनी हे कलेक्टर होते, तर सर्जन-मेजर वॉर्डन हे कलकत्त्याचे रसायनशास्त्रज्ञ होते. आयोगाने ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल सादर केला.

वसाहतकालीन आयोगांविषयी अविश्वास बाळगणे योग्यच असते, आणि येथे तर सरकारला गांजाच्या अबकारीतून महसूल मिळत होता. तरीही या अहवालातील एक काम पद्धतीच्या दृष्टीने असाधारण म्हणावे लागेल. आयोगाने १८९२ या एका वर्षात देशभरातील वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्या १३४४ रुग्णांची कागदपत्रे तपासली. त्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा असे नोंदवलेले होते. प्रत्येक प्रकरणाची पुन्हा चौकशी करता ही संख्या ९८ वर आली, आणि या ९८ पैकीही ३७ प्रकरणांत अन्य कारणे मिसळलेली होती. उरलेल्या प्रकरणांत पुष्कळदा घडले होते ते एवढेच, की रुग्णाला पकडून आणणाऱ्या पोलिसाने कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहायचे म्हणून 'गांजा' लिहिले, आणि तोच शब्द इस्पितळाच्या नोंदवहीत आणि तेथून प्रांतिक अहवालात उतरला. कारकुनी सोयीचा शब्द आकडेवारी कसा बनतो याचे हे नमुनेदार उदाहरण आहे. परिमाणात्मक संशोधन करणाऱ्या आजच्या अभ्यासकालाही ते उपयोगी पडावे.

आयोगाला आणखी एक शंका फेडायची होती. गांजाने मेंदूच्या ऊतकातच बिघाड होतो काय? त्यासाठी कलकत्त्यात डी. डी. कनिंगहॅम यांनी प्रयोग केला. एका माकडाला कित्येक महिने गांजाचा धूर देण्यात आला, नंतर त्याला मारून मेंदूची तपासणी करण्यात आली. गांजाबरोबरच धोत्रा व अफू यांच्या परिणामांचीही तुलना झाली. गांजाच्या माकडाच्या मेंदूत ठळक विकृती आढळली नाही. मर्यादित सेवनाने शरीराला वा मनाला सामान्यतः अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि म्हणून बंदीऐवजी नियंत्रण व कर हाच मार्ग, असा बहुमताचा अभिप्राय पडला. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोन भारतीय सभासदांनी मात्र आपली भिन्न मते जोडली. गांजाला सौम्य ठरवणारे गोरे अधिकारी आणि कडक धोरण मागणारे भारतीय सभासद, हे चित्र आजच्या वादात सोयीस्करपणे विसरले जाते.

कनिंगहॅम यांच्या प्रयोगाला मर्यादा होत्या. एकाच प्राण्याच्या मेंदूवरून सर्वसाधारण निष्कर्ष निघत नाही. शिवाय त्यांना मेंदूत जे पाहता येणे शक्य होते ते तत्कालीन सूक्ष्मदर्शकाच्या व रंगद्रव्यांच्या कक्षेतीलच. मेंदूतील दाहाच्या ज्या मुख्य पेशी, त्या मायक्रोग्लियांचे स्पष्ट वर्णन स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी केले ते १९१९ मध्ये. मेंदू ठीक आहे असे १८९४ चा अहवाल म्हणतो त्याचा अर्थ इतकाच, की १८९४ मध्ये दिसू शकणारे नुकसान दिसले नाही. गंमत अशी की ऐंशी वर्षांनी अमेरिकेतील ट्युलेन विद्यापीठात माकडांवर असाच धुराचा प्रयोग झाला आणि तेथे नेमका उलट निष्कर्ष निघाला. तोही प्राण्यांची अत्यल्प संख्या आणि धूर देण्याची पद्धत यांमुळे वादग्रस्त ठरला. प्रश्न राजकीय तापमानात विचारला गेला की उत्तरही बहुधा त्याच तापमानाचे मिळते.

कायदा पुढे, शास्त्र मागे

आयोगाचा अहवाल कपाटात गेला आणि आंतरराष्ट्रीय धोरण वेगळ्याच वाटेने गेले. १९२५ च्या जिनिव्हा परिषदेत इजिप्तच्या आग्रहावरून गांजाचा समावेश नियंत्रित पदार्थांत झाला. अमेरिकेने १९३७ मध्ये कराचा कायदा करून त्याचा वैद्यकीय उपयोग जवळजवळ अशक्य केला. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या एकल करारात गांजा व त्याची राळ यांना अनुसूची १ बरोबरच अनुसूची ४ मध्येही बसवण्यात आले. उपचारमूल्य नगण्य आणि धोका विशेष, असे ज्यांच्याविषयी मानले गेले त्या पदार्थांची ही यादी होती. भारताने भांगेच्या पानांचा अपवाद राखून आणि गैरवैद्यकीय वापर थांबवण्यासाठी पंचवीस वर्षांची मुदत घेऊन हा करार स्वीकारला. त्या मुदतीच्या सावलीत १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस कायदा, आला.

येथे एक कालक्रम मुद्दाम मांडला पाहिजे. उपचारमूल्य नाही असा शिक्का बसला १९६१ मध्ये. त्या वेळी गांजातील नशा आणणारे मुख्य संयुग कोणते हेच निश्चित झालेले नव्हते. केंब्रिजमधील वूड, स्पिव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी १८९६ पासून हिंदुस्थानातून आलेल्या चरसावर काम करून कॅनाबिनॉल मिळवले होते. १९४० च्या सुमारास अमेरिकेत रॉजर अॅडम्स आणि इंग्लंडमध्ये अलेक्झांडर टॉड यांनी या रसायनशास्त्रात मोठी भर घातली. अॅडम्सने कॅनाबिडायॉल वेगळे केले, परंतु त्याची नेमकी रचना उलगडली ती १९६३ मध्ये. टीएचसी या नावाने ओळखले जाणारे मादक संयुग शुद्ध स्वरूपात व नेमक्या रचनेसह हाती आले ते १९६४ मध्ये. इस्राएलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी ते मिळवले. मेशुलाम यांना प्रयोगासाठी पाच किलो लेबनानी हशीश पोलिसांकडून मिळाला आणि तो त्यांनी चक्क बसमधून आणला, ही आठवण ते पुढे अनेकदा सांगत. ज्याची रचना ठाऊक नाही त्याचे मूल्य शून्य ठरवणे हे शास्त्रीय मूल्यमापन खचित नव्हते.

पुढील टप्पा अपस्माराचा आहे. १९८० मध्ये ब्राझीलमधील कुन्हा, कार्लिनी व सहकारी यांनी मेशुलाम यांच्यासह कॅनाबिडायॉलची छोटी चाचणी प्रसिद्ध केली. पंधरा रुग्ण, त्यांपैकी आठांना औषध. या आठांतील बहुतेकांना फायदा झाला. ओशॉनेसीने अर्भकाच्या आकडीवर नोंदवलेले निरीक्षण एकशेएक्केचाळीस वर्षांनी, नशा न आणणाऱ्या एका संयुगाच्या रूपाने पुन्हा समोर आले होते. तरीही या चाचणीचा पाठपुरावा पुढे तीन दशके कोणी गांभीर्याने केला नाही.

प्लीहेतून मेंदूकडे

दाहाचा प्रश्न मात्र वेगळ्या दाराने आत आला. १९८८ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस विद्यापीठात विल्यम डेव्हेन आणि अॅलिन हाउलेट यांनी दाखवून दिले, की मेंदूतील पेशींवर कॅनाबिनॉइड संयुगे जाऊन बसतील अशा खास जागा, म्हणजे रिसेप्टर, आहेत. १९९० मध्ये लिसा मात्सुदा आणि सहकाऱ्यांनी त्यांतील पहिल्या रिसेप्टरची जनुकीय ओळख पटवली. त्याला सीबी-१ म्हणतात. शरीराने परक्या वनस्पतीसाठी कुलूप बनवून ठेवले असेल हे संभवत नव्हते, म्हणजे शरीराची स्वतःची किल्ली असली पाहिजे. ती १९९२ मध्ये डुकराच्या मेंदूत सापडली. मेशुलाम यांच्या गटाने तिला 'आनंद' या संस्कृत शब्दावरून 'आनंदामाइड' असे नाव दिले. आपल्याकडे या नावाचे फार कौतुक होते. ते होण्यास हरकत नाही, परंतु नाव संस्कृत असणे आणि शोध संस्कृत ग्रंथात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मध्ययुगीन वैद्यकग्रंथांतील 'विजया' ही दीपन, पाचन, ग्राही अशा गुणांची वनौषधी आहे. रिसेप्टरची कल्पना तेथे शोधणे हा त्या ग्रंथांवरही अन्यायच होय.

१९९३ मध्ये केंब्रिजमधील शॉन मन्रो आणि सहकाऱ्यांनी दुसरा रिसेप्टर, सीबी-२, जाहीर केला. तो सापडला प्लीहेत आणि रोगप्रतिकारक पेशींवर. येथे सारा विषय वळला. गांजाचा संबंध तोवर नशा, वेदना, आकडी आणि भूक यांच्याशी, म्हणजे चेतापेशींशी जोडला जात होता. आता शरीराच्या संरक्षण यंत्रणेतही त्याच कुळातील कुलूप आढळले होते. १९९५ मध्ये टू-एजी ही दुसरी अंतर्गत किल्लीही सापडली. मेंदूतील मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूचे निवासी पहारेकरी. शांत असताना त्यांच्यावर सीबी-२ जेमतेम असतो, परंतु दाह सुरू होऊन त्या चेतवल्या गेल्या की त्याचे प्रमाण वाढते. अल्झायमरने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूंची तपासणी करणाऱ्या स्पॅनिश संशोधकांना २००३ मध्ये विकृत गाठींभोवतीच्या मायक्रोग्लियांवर सीबी-२ वाढलेला आढळला. हा रिसेप्टर उद्दीपित केला तर दाह भडकवणाऱ्या द्रव्यांचे स्रवण घटते असे पेशींवरील व प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसू लागले. आणि सीबी-२ वर काम करणारे औषध नशा आणत नाही. नशेशिवाय दाहशमन, हे संशोधकांना भुरळ घालणारे संयोजन होते.

प्राण्यांवरील पुरावा खरोखरच प्रभावी होता. १९८९ मध्ये, म्हणजे सीबी-२ ठाऊक होण्यापूर्वीच, उंदीर व गिनीपिग यांच्यात मल्टिपल स्क्लेरोसिससदृश मेंदूदाह निर्माण करून त्यांना टीएचसी देण्यात आले होते. औषध न मिळालेले ९८ टक्क्यांहून अधिक प्राणी मेले आणि औषध मिळालेले ९५ टक्क्यांहून अधिक जगले. २००१ मध्ये 'नेचर'मध्ये असे प्रसिद्ध झाले, की डोक्याला मार बसलेल्या उंदरांच्या मेंदूत टू-एजीचे प्रमाण काही तासांतच कित्येक पटींनी वाढते, आणि बाहेरून ते दिल्यास मेंदूची सूज घटते. म्हणजे मेंदू स्वतःच या यंत्रणेचा आधार घेतो. अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्याने ऑक्टोबर २००३ मध्ये कॅनाबिनॉइड संयुगांच्या मेंदूसंरक्षक गुणांवर पेटंट मिळवले. त्याचा क्रमांक ६६३०५०७, आणि त्याच्या जनकांत नोबेल पारितोषिक विजेते ज्युलियस अॅक्सेलरॉड होते. त्याच सरकारच्या दुसऱ्या यादीत गांजाला मान्य वैद्यकीय उपयोग नाही असे तेव्हाही लिहिलेले होते.

खाटेपाशी काय घडले

यानंतरचा भाग उत्साही लेखनात बहुधा गाळला जातो, म्हणून त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. मेशुलाम यांच्या विद्यापीठात तयार झालेले डेक्सानाबिनॉल हे कृत्रिम संयुग नशा आणत नव्हते आणि प्राण्यांच्या मेंदूतील इजा व दाह कमी करत होते. २००१ ते २००४ या काळात पंधरा देशांतील ८६ केंद्रांवर डोक्याला गंभीर इजा झालेल्या ८६१ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. अपघातानंतर सहा तासांच्या आत शिरेतून १५० मिलिग्रॅम औषध द्यायचे होते. २००६ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. सहा महिन्यांनंतर वाईट स्थितीत असलेल्यांचे प्रमाण औषध घेतलेल्यांत ५० टक्के आणि न घेतलेल्यांत ५१ टक्के होते. औषध सुरक्षित ठरले, परंतु निरुपयोगी.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येही असेच घडले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत ६३० रुग्ण होते. स्नायूंचा ताठरपणा डॉक्टरांनी मोजला तेव्हा फरक पडला नाही. रुग्णांना विचारले तेव्हा त्यांनी बरे वाटते असे सांगितले. खरे कोणाचे मानायचे? हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही, ज्ञानमीमांसेचा आहे, आणि रुग्णांना औषध व प्लासिबो यांतील फरक नशेमुळे ओळखता येत असल्याने तो अधिकच गुंतागुंतीचा झाला. पुढे तोंडात फवारण्याचे कॅनाबिनॉइड औषध कॅनडात २००५ मध्ये या रोगातील वेदनेवर व ब्रिटनमध्ये २०१० मध्ये ताठरपणावर मान्य झाले. परंतु ताठरपणा हे लक्षण आहे. मूळ दाहामुळे मेंदूची जी झीज होते ती थांबते काय, हे पाहण्यासाठी ब्रिटनमधील २७ केंद्रांवर सुमारे पाचशे रुग्णांना तीन वर्षे टीएचसी वा प्लासिबो देण्यात आले. २०१३ मध्ये उत्तर आले. रोगाची वाटचाल मंदावली नव्हती. अपंगत्व कमी असलेल्या रुग्णांत काही लाभाची शक्यता दिसली, पण ती नंतरच्या विश्लेषणात, म्हणजे पुरावा म्हणून नव्हे तर पुढील चाचणीचे निमित्त म्हणून.

उंदीर वाचतो आणि माणूस वाचत नाही, याची कारणे शोधणे हे आजच्या संशोधनाचे खरे काम आहे. काही कारणे स्पष्ट आहेत. प्रयोगातील उंदराला इजा होण्यापूर्वी वा लगेच औषध मिळते. मल्टिपल स्क्लेरोसिसचा रुग्ण कित्येक वर्षांनी, झीज बरीच पुढे गेल्यावर चाचणीत येतो. दाह हा केवळ शत्रूही नाही. मृत पेशींचा निचरा आणि दुरुस्तीची सुरुवात त्यातूनच होते, तेव्हा तो अवेळी दडपला तर हानीही संभवते. कॅनाबिनॉइडांचा परिणाम मात्रेनुसार उलटतो, हे तर १८३९ च्या संधिवाताच्या रुग्णानेच दाखवले होते. शिवाय अल्पवयात गांजाचे नियमित सेवन करणाऱ्यांत मानसिक विकारांचा धोका वाढतो याचा पुरावा आता पुष्कळ जमा झाला आहे. औषधाच्या नावाखाली तो झाकता येणार नाही.

यश आले ते अपेक्षित ठिकाणी नव्हे. ड्रावेट सिंड्रोम या बालपणातील दुर्धर अपस्मारावर १२० रुग्णांची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅनाबिडायॉल घेणाऱ्यांत महिन्याच्या आकड्यांची मध्यक संख्या १२.४ वरून ५.९ वर आली. प्लासिबोच्या गटात ती १४.९ वरून १४.१ झाली. जून २०१८ मध्ये अमेरिकेने या शुद्ध स्वरूपातील औषधाला मान्यता दिली. कॅनाबिडायॉल सीबी-१ वा सीबी-२ वर फारसे बसतच नाही, त्यामुळे त्याच्या यशाचे श्रेय रिसेप्टरच्या सिद्धांताला सहज देता येत नाही. ते दाह शमवून काम करते की अन्य मार्गाने, हा वाद मिटलेला नाही. एवढे खरे, की कलकत्त्याच्या निबंधातील जो दावा सर्वांत ठाम होता तोच सर्वांत आधी कसोटीला उतरला, आणि त्यासाठी एकशेएकोणऐंशी वर्षे लागली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीवरून २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजा व त्याची राळ यांना अनुसूची ४ मधून वगळले. ठरावाच्या बाजूने २७ आणि विरोधात २५ मते पडली. भारताचे मत बाजूने होते. अनुसूची १ मधील स्थान मात्र कायम राहिले. भारतात १९८५ च्या कायद्यातील कलम ८ वैद्यकीय व शास्त्रीय उपयोगासाठी वाट मोकळी ठेवते आणि कलम १० अन्वये गांजाच्या लागवडीस व उत्पादनास परवानगी देण्याचा अधिकार राज्य सरकारांना आहे. चरस या परवानगीतून वगळलेला आहे. केंब्रिजच्या रसायनशास्त्रज्ञांनी १८९६ मध्ये ज्याच्यापासून कॅनाबिनॉइडांच्या अभ्यासाला आरंभ केला, तो हाच हिंदुस्थानातून आलेला चरस होता.